कान खरा की मीटर?

दादानं केबल आणली तेव्हा आम्ही तिघं त्याच्या खोलीवर होतो. दादा म्हणजे माझ्या रूममेटचा मोठा भाऊ. परभणीत वसमत रोडला आमची खोली आणि दोन गल्ल्या सोडून त्याची. दिवसभर क्लासमध्ये पोरांना गणित शिकवतो, रात्री गाणी ऐकतो. सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर, एका मित्राकडून उचललेले दोन मोठे स्पीकर, असं त्यानं पैसे साठवून साठवून जमवलंय. त्या दिवशी डब्यातून काढली ती बोटाएवढी जाड, विणलेल्या कापडात गुंडाळलेली, टोकांना सोनेरी पिना असलेली केबल. पाच-पाच मीटरची जोडी. किंमत ८,५०० रुपये. वर बाण छापलेला, आवाज कोणत्या दिशेनं ‘वाहतो’ ते सांगायला.

आम्ही हसलो. फिजिक्सची पोरं आम्ही, हसणारच. तांब्याची तार ती, गोदावरी आहे का दिशेनं वाहायला? दादा काही बोलला नाही. जुनी लाल-काळी वायर काढली, नवी लावली आणि भीमसेन जोशींचा अभंग लावला.

आणि हसू थांबलं. कारण फरक होता. टाळ मोकळे वाटत होते, पखवाजाचा ठोका घट्ट झाला होता. मला स्वतःला ऐकू आला. “आता सांगा,” दादा म्हणाला, “तुमच्या पुस्तकात आहे का हे? तुम्हाला पोरांनो जेवढं मोजता येतं तेवढंच खरं वाटायलंय.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. केबलबद्दल नसेल, दुसऱ्या कशाबद्दल असेल. विज्ञानाला सगळं कळत नाही, मीटर काय सांगणार, कान सांगतो ते खरं. जगभर हायफायवाल्यांमध्ये हा वाद कित्येक वर्षं चालू आहे: केबलचा आवाज मोजमापातून समजतो का, की त्यात मीटरच्या पलीकडचं काही असतं? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. समजतो, पूर्ण समजतो. पण त्या मतापर्यंत मी आलो तो दादाला खोटं पाडून नाही. पहिल्या फेरीत दादाच खरा निघाला होता.

टेपखालचा जोड

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून मल्टिमीटर आणला. साधा, पिवळा, प्रॅक्टिकलला असतो तोच. त्याची दोन टोकं एकमेकांना लावली तर तो शून्याऐवजी ०.३ दाखवतो, म्हणून तेवढं प्रत्येक वेळी वजा केलं. दादाची नवी केबल, जाऊन-येऊन १० मीटर तांबं: ०.१ ओहमच्या आसपास. जुनी वायर: १.४ ओहम.

१.४? एवढ्या लांबीला इतका रेझिस्टन्स यायला नको होता. वायर हातात धरून सरकवत गेलो तर कपाटामागे काळ्या टेपचा गोळा सापडला. कधीतरी वायर कमी पडली म्हणून कुणीतरी तुकडा पिळून जोडलेला. टेप सोडवला तर आतलं तांबं काळं पडलेलं, दोन-तीनच तारा एकमेकींना शिवत होत्या. दुसऱ्या बाजूच्या वायरलाही तसाच जोड.

आता गणित करू. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो नुसता नावाचा आकडा. खरा अडथळा स्वर बदलेल तसा बदलतो. एखाद्या स्पीकरचा कुठल्या स्वराला ४ ओहम असतो, कुठल्या स्वराला २०. वायरचे १.४ ओहम मध्ये बसले की ४ ओहमच्या ठिकाणी आवाज २.६ डेसिबलनं पडतो आणि २० ओहमच्या ठिकाणी फक्त ०.६ डेसिबलनं. म्हणजे काही स्वर इतरांपेक्षा २ डेसिबल जास्त दाबले गेले. एवढा फरक कुणालाही ऐकू येतो. शिवाय वायरमध्ये रेझिस्टन्स वाढला की स्पीकरच्या पडद्यावरचा अ‍ॅम्प्लिफायरचा ताबा सुटतो आणि बास सैल होतो. पखवाज घट्ट वाटला, तो खरंच घट्ट झाला होता.

तेव्हा दादाचा कान बरोबर होता. आम्ही हसलो ते चुकलं होतं. आम्ही मोजण्याआधीच हसलो, आणि ते काही विज्ञान नव्हे. पण कान बरोबर का होता, हे मल्टिमीटरनंच सांगितलं. त्यात सोनेरी पिनांचा हात नव्हता, बाणाचाही नव्हता. दादानं ८,५०० रुपये देऊन एक सडका जोड काढून टाकला होता.

गादीवरची चादर

इथे दादा थांबला असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण तो म्हणाला, “जोड काढून चांगली साधी वायर लाव. तरी माझी केबल वेगळी वाजेल.”

इलेक्ट्रिकच्या दुकानातून तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर आणली. दोन्ही बाजूंचं काम पाच-सहाशे रुपयांत झालं. दहा मीटर तांब्याचा हिशेबानं रेझिस्टन्स येतो ०.११५ ओहम. वर सांगितलेल्या स्पीकरवर ४ ओहम आणि २० ओहम या दोन ठिकाणांमधला फरक आता २ डेसिबलवरून ०.२ वर आला. केबलच्या दुसऱ्या गुणांचा, म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सचा, परिणाम घरातल्या पाच मीटरला आणखी किरकोळ. कागदावर दोन्ही केबल सारख्या. पण दादा कागद ऐकायला बसला नव्हता.

म्हणून परीक्षा ठरली. परीक्षेची कल्पना आमची नाही आणि ती परभणीला अनोळखीही नाही. आपल्याकडे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या कुठल्याही बीएस्सी अ‍ॅग्रीच्या पोराला विचारा, नवं वाण चांगलं की जुनं हे कसं ठरवतात? तो सांगेल, शेजारी कंट्रोल प्लॉट ठेवायचा, कोणत्या प्लॉटमध्ये काय पेरायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि एकदा नाही तर अनेकदा करायचं. ही पद्धत बसवणारा रोनाल्ड फिशर हा इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करत होता. १९३५ च्या त्याच्या पुस्तकात शेताबरोबरच चहाचं एक उदाहरण आहे. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मी चवीवरून ओळखते. फिशर म्हणतो, आठ कप करा, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठीनं ठरवा आणि बाईंना ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. शेतापासून चहापर्यंत आणि चहापासून केबलपर्यंत पद्धत तीच.

आम्ही अ‍ॅम्प्लिफायरपुढे दोरी बांधून चादर टाकली. चादरीमागे एक जण. तो नाणं उडवणार, छापा आला तर महागडी केबल, काटा आला तर साधी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून केबल लावणार. तीच लावायची असली तरी काढून पुन्हा लावणार, म्हणजे खुडबुडीवरून कळायला नको. व्हॉल्यूमच्या बटनाला हात नाही, बोलणं नाही. समोर बसलेल्यानं फक्त लिहायचं, म किंवा सा. प्रत्येकी १६ वेळा. आधीच ठरवलं की १२ किंवा जास्त बरोबर आले तर मान्य, कारण नाणं उडवून १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. हा हिशेब दादानंच फळ्यावर मांडून दाखवला. गणित त्याचं पक्कं आहे.

दादाचे आले ९. माझे ७. रूममेटचे ८.

दादा म्हणाला, असं घाईघाईनं होत नसतं, केबल बदलेपर्यंत मागचा आवाज विसरतो माणूस, निवांत दिवसभर ऐकावं लागतं. मला ही हरकत रास्त वाटली. म्हणून पुढचे १० दिवस रूममेट रोज सकाळी जाऊन नाणं उडवायचा, केबल लावायचा, वर कापड गुंडाळायचा. दादा रात्री निवांत ऐकून वहीत लिहायचा. अकराव्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. १० पैकी ५.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, “मग मला जे ऐकू यायलं होतं, ते काय होतं?”

कानामागे मेंदू

हा प्रश्न टाळून नुसतं ‘भ्रम’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. दादा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकू येत होतं.

१९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर माणसाचे ओठ ‘गा’ म्हणतायत, आवाज मात्र ‘बा’चा लावलाय. बघणाऱ्याला ऐकू येतं ‘दा’. डोळे मिटले की ‘बा’. युक्ती माहीत असूनही परत डोळे उघडले की ‘दा’च. यूट्यूबवर सापडेल, आत्ता करून बघा. आपण नुसत्या कानानं ऐकत नाही. डोळ्यांना दिसलेलं, आधी माहीत असलेलं, मनात असलेली अपेक्षा हे सगळं मिसळून मेंदू आवाज तयार करतो. जाड केबल, सोनेरी पिना आणि ८,५०० रुपये, हेही त्या मिसळणीत असतं. पैसे देऊन आणलेली केबल लावल्यावर माणूस लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकलं की गाण्यात आधी न जाणवलेलं काहीतरी सापडतंच. ते गाण्यात आधीपासून होतं, श्रेय मात्र केबलला जातं.

चादर टाकली की डोळ्यांचं आणि अपेक्षेचं माप वजा होतं, मल्टिमीटरमधले ते ०.३ वजा केले तसंच. उरतो तो फक्त कान. म्हणजे चादरीची परीक्षा ही कानाच्या विरोधात नाही. उलट कानावर खरा विश्वास टाकणारी तीच एक परीक्षा आहे.

आता कुणी म्हणेल, मीटरला न दिसणारं काहीतरी कानाला कळत असेल. इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. केबल शेवटी स्पीकरला काय देते? दोन टोकांमधला व्होल्टेज, जो क्षणाक्षणाला बदलतो. बस्स. ‘मोकळेपणा’, ‘गोडवा’, ‘खोली’ जे काही आहे ते याच एका वरखाली होणाऱ्या रेषेत असायला हवं, कारण स्पीकरकडे दुसरं काही पोचतच नाही. दोन केबलमधून आलेल्या रेषा सारख्या असतील तर वेगळं वाजायला स्पीकरकडे कारणच नाही. आणि ही रेषा मोजणारी उपकरणं कानापेक्षा कितीतरी तिखट आहेत. चांगल्या कानाला फार तर डेसिबलच्या काही दशांशांचा फरक कळतो, प्रयोगशाळेतल्या उपकरणाला हजारांश भागाचा.

परभणीचाच हिशेब बघा. महागड्या केबलच्या जाहिरातीत चांदीची तार असते, कारण चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक. किती चांगली? साधारण ६ टक्के. आता तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. जानेवारीत आपल्याकडे पारा ६ अंशांवर येतो, मे महिन्यात ४४ वर जातो. म्हणजे एकाच तांब्याच्या तारेत थंडी ते उन्हाळा १५ टक्के फरक पडतो, चांदी-तांब्यातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. ज्याला चांदीचा गोडवा ऐकू येतो त्याला तर मे महिन्यात आपल्या स्पीकरचा आवाज ओळखूही यायला नको. पण उन्हाळ्यात आपण कूलरच्या आवाजाची तक्रार करतो, तांब्याची कुणी करत नाही.

जिथे केबलमुळे खरंच फरक पडतो, तिथे तो मोजताही येतो. लग्नाच्या मांडवात लांबवर भोंगे लावायचे असतात तेव्हा साउंडवाला बारीक वायर ओढतो आणि तरी आवाज पोचतो. कारण तो १०० व्होल्टची लाइन वापरतो. प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, करंट कमी म्हणून वायरमधला तोटा कमी. एमएसईबीच्या मोठ्या लाइनचं तत्त्व तेच. गिटारला दहा मीटरची लांब वायर लावली की वरचे स्वर मंद होतात, तो कपॅसिटन्सचा परिणाम. भजनाच्या माइकमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, तो ५० हर्ट्झच्या विजेचा, वायरचं शील्ड तुटलं असेल किंवा अर्थिंगची गडबड असेल. यातली एकही गोष्ट गूढ नाही, आणि यातल्या एकीलाही ८,५०० रुपये लागत नाहीत.

मिरजेची घोडी

पण आपल्याच राज्यात एक उदाहरण असं आहे जिथे कान म्हणत होता ‘आहे’ आणि पुस्तक म्हणत होतं ‘नाही’. ते सांगितलं नाही तर लेख एकतर्फी होईल.

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर किंचित उतरता ठेवतात, घासत जातात, ऐकतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. तिथे तार नुसती वाजत नाही, उमलते. यालाच जवारी लागणं म्हणतात. हे काम मीटरनं होत नाही, कानानं होतं.

तेव्हाचं पदार्थविज्ञान काय म्हणत होतं? यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता की तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू येतो, तो हार्मोनिक आवाजात असायला नको. मध्यावर छेडली तर सगळे सम हार्मोनिक गायब व्हायला हवेत. १९२१ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर प्रयोग केले आणि दाखवून दिलं की या वाद्यांत ते हार्मोनिक असतात, चांगले जोरात असतात. नियम सरळ धारेच्या घोडीसाठी होता. इथे तार पसरट, वळणदार घोडीला पुन्हा पुन्हा शिवते आणि हरवायला हवेत ते स्वर परत मिळवते. प्रकाशासाठी नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

केबलवाले नेमकं हेच उदाहरण पुढे करू शकतात. बघा, कान आधी पोचला, विज्ञान मागून आलं! खरंय. पण पुढचं वाचा. जवारी लागलेला आणि न लागलेला तंबोरा चादरीमागे ठेवा. गाणं शिकणारं शाळेतलं पोरगंसुद्धा १६ पैकी १६ वेळा ओळखेल. आणि मोजायला गेल्यावर फरक सापडला, भरपूर सापडला. ‘मोजमापाच्या पलीकडे’ असं काही उरलं नाही, उलट मोजमापामुळे पुस्तकातला नियम दुरुस्त झाला. रामन यांनी कारागिरांना भ्रमिष्ट म्हटलं नाही आणि नियमाच्या पुस्तकालाही नमस्कार करून गप्प बसले नाहीत. त्यांनी मोजलं.

त्याआधी, १९१० मध्ये, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई स्वर लावायचा आणि देवल ते मोजायचे. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, तो वेगळा विषय. मला त्यातलं दृश्य आवडतं: मोठा गवई आणि मोजणारा माणूस एकाच बैठकीत. मोजलं म्हणून आपल्या गाण्याचा अपमान झाला असं खाँसाहेबांना वाटलं नसावं. केबलच्या वादात मात्र ‘मोजू या’ म्हटलं की लोक रागावतात. २००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकी जादूगारानं दहा लाख डॉलरची पैज लावली होती: १२ फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलर पडणारी स्पीकर केबल आणि एक साधी चांगली केबल, न बघता ओळखून दाखवा. बोलणी झाली, कंपनीनं अंग काढून घेतलं, दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोष दिला आणि परीक्षा झालीच नाही. चादर, दोरी आणि एक नाणं लागलं असतं.

मीटरवाल्यांनाही दोन शब्द

आता आमच्या बाजूच्या पोरांसाठी. आकडा आहे म्हणजे खरं आहे, असं नसतं. आपल्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर, मग होम थिएटरवर ‘५००० वॉट पीएमपीओ’ असे स्टिकर असायचे. भिंतीच्या साध्या सॉकेटवर चालणारा डबा ५,००० वॉट कुठून आणणार? पीएमपीओ मोजायची सगळ्यांना मान्य अशी पद्धतच नव्हती, ज्याला जो आकडा सुचला तो त्यानं छापला. त्या वेळी स्टिकरपेक्षा कानावर विश्वास ठेवणारा माणूस शहाणा होता. काय मोजलं, कसं मोजलं, कुणी मोजलं हे विचारलंच पाहिजे.

दुसरं, मीटर फरक सांगतो, आवड सांगत नाही. माझी आजी परभणी आकाशवाणी ऐकत मोठी झाली. मीडियम वेव्ह, १३०५ किलोहर्ट्झ. मीडियम वेव्हवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर फारसे पोचतच नाहीत, वरून खरखर वेगळी. दोन केबलमधल्या फरकाशी याची तुलनाच होऊ शकत नाही, इतकं संगीत वाटेत गळायचं. तरी जनाबाईचा अभंग लागला की आजीचा हात भाकरीवर थांबायचा. तो हात का थांबायचा, हे कुठलाही मल्टिमीटर सांगणार नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण ‘हा अभंग मला का भिडतो’ आणि ‘ही वायर त्या वायरीपेक्षा वेगळी वाजते का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकणारे मुद्दाम दोन्ही एकत्र करतात. पहिल्या प्रश्नाचं गूढ दुसऱ्याच्या किमतीला चिकटवतात.

तुम्ही म्हणाल, एका केबलवरून एवढं कशाला? दादानं स्वतःचे पैसे घालवले, तुमचं काय गेलं? माझा मुद्दा हाच आहे की केबल ही फार स्वस्तातली शाळा आहे. आपण मराठवाड्याची पोरं. आपल्या घरी बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ उभा करणारा पाणाडी येतो. सोयाबीनवर मारायला कुठल्याशा टॉनिकची बाटली येते, ‘फरक जाणवेल बघा’ म्हणून. वडिलांना खरंच फरक जाणवतोही, कारण त्या वर्षी पाऊस बरा झालेला असतो आणि शेजारी टॉनिक न मारलेला पट्टा कुणी ठेवलेला नसतो. ‘मला जाणवलं’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरी कारण भलतंच असू शकतं. केबलमध्ये हे शिकायला एक चादर पुरते, फार तर थोडे पैसे जातात. बोअर कोरडा गेल्यावर शिकायचं तर त्याचं व्याज कित्येक वर्षं भरावं लागतं.

आणि हे शिकताना दादासारख्या माणसाला ‘मूर्ख’ म्हणायची गरज नाही. परीक्षेला बसायची तयारी त्यानं दाखवली, हरकत घेतली, पुन्हा बसला, आणि वही लपवली नाही. आमच्यातल्या किती जणांनी हे केलं असतं? मलाही पहिल्या दिवशी फरक ऐकू आला होता आणि १६ पैकी ७ माझेच आले होते. दादापेक्षा दोन कमी.

तर करून बघा. दोन केबल, दोन इअरफोन, दोन कंपन्यांचं बाटलीतलं पाणी, काहीही घ्या. ओळखायच्या वस्तू सारख्याच दिसतील अशी सोय करा. नाणं उडवून क्रम ठरवा, १६ वेळा करा, किती बरोबर आले तर मानायचं ते आधीच लिहून ठेवा. चुकलेलंही लिहा. १२ च्या वर आले तर परत करा, आणि परतही आले तर मीटर घेऊन कारण शोधा, ते सापडेल. मिरजेच्या घोडीत सापडलं, दादाच्या कपाटामागेही सापडलं.

दुकानदारानं केबल परत घेतली नाही. ती अजून दादाच्या स्पीकरला आहे. “चांगली दिसते,” तो म्हणतो. त्यावर आमची काही हरकत नाही. आता त्याच्या क्लासमध्ये शक्यतेचा धडा आला की फळ्यावर नेहमीचं नाणं आणि फासा नसतो. १६ चौकोन असतात, म आणि सा लिहिलेले, आणि खाली एक आकडा: ९.